सोयाबीनमधील पट्टे आणि ट्रॅक्टरमागचे सांधे : बूम फवारणी यंत्राचे संगणकीय प्रतिमान काय सांगते?

कीड नियंत्रणात आली नाही की कीटकशास्त्रज्ञाला बोलावणे येते आणि बहुतेक वेळा प्रश्न ठरलेला असतो : औषध निकामी होते, की किडीत प्रतिकारशक्ती निर्माण झाली आहे? काही हंगामांपूर्वी माळव्यातील एका सोयाबीन उत्पादकाच्या शेतात मी याच प्रश्नासाठी गेलो होतो. शिफारस केलेले कीटकनाशक, शिफारस केलेली मात्रा, पुरेसे पाणी आणि ट्रॅक्टरवर बसविलेले १२ मीटर रुंदीचे बूम फवारणी यंत्र, असे सर्व काही यथायोग्य होते. तरीही पाने खाणाऱ्या स्पोडोप्टेरा अळीचा प्रादुर्भाव ठिकठिकाणी टिकून होता. मी जिवंत अळ्यांचे नमुने गोळा केले आणि 'प्रतिकारशक्तीची शक्यता' अशी नोंद करून परतलो.

ती नोंद चुकीची ठरली. प्रयोगशाळेतील चाचणीत शेताच्या वेगवेगळ्या भागांतील अळ्या औषधाला सारख्याच बळी पडल्या. दुसऱ्या भेटीत शेतकऱ्याने बांधावर उभे राहून एक गोष्ट दाखविली, ती पहिल्या भेटीत माझ्या लक्षात आली नव्हती. चाळण झालेली पाने शेतभर विखुरलेली नव्हती. ती पट्ट्यांत होती, आणि दोन पट्ट्यांमधील अंतर सुमारे १२ मीटर भरत होते. प्रतिकारशक्ती अशी मोजून बारा बारा मीटरवर येत नाही. यंत्र मात्र येते.

प्रस्तुत लेखात या पट्ट्यांचे कारण शोधताना उपयोगी पडलेल्या एका साधनाची, म्हणजे सांध्यांनी जोडलेल्या दृढ पिंडांच्या संगणकीय प्रतिमानाची, ओळख करून दिली आहे. हे साधन अभियंत्यांचे आहे. परंतु त्यामागील विचार समजून घेतल्यास विस्तार कार्यकर्त्याला आणि प्रगतिशील शेतकऱ्याला संगणकाविनाही आपल्या यंत्रातील दोष ओळखता येतो.

दृढ पिंड, दुवा आणि सांधा

ज्या वस्तूचा आकार वापरादरम्यान बदलत नाही असे आपण मानतो, तिला दृढ पिंड म्हणतात. असे दोन किंवा अधिक पिंड सांध्यांनी जोडले की दुव्यांची साखळी तयार होते. कीटकाचा पाय हे याचे निसर्गातील उत्तम उदाहरण आहे. कठीण कवचाचे खंड हे दुवे आणि खंडांमधील मऊ पडद्याची जागा हा सांधा. नाकतोड्याच्या मागच्या पायाचा गुडघा केवळ एका प्रतलात वाकतो. तो बिजागरीचा सांधा आहे. आपल्या खांद्याचा सांधा सर्व दिशांना फिरतो. तो उखळीचा सांधा आहे. पायातील एकेक खंड कितीही मजबूत असला, तरी पाय कसा हलेल हे सांधा कोणत्या जातीचा आहे यावर ठरते.

ट्रॅक्टरच्या मागील तीन बिंदू जोडणी ही अशीच साखळी आहे. हॅरी फर्ग्युसन यांच्या नावाशी निगडित असलेली ही रचना आज जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरवर असते : खाली दोन लोअर लिंक, वर एक टॉप लिंक, आणि लोअर लिंकना हायड्रोलिकच्या लिफ्ट आर्मशी जोडणारे दोन लिफ्ट रॉड. बूम फवारणी यंत्राची चौकट या दुव्यांना जोडलेली असते. जमिनीचा प्रत्येक धक्का याच सांध्यांतून बूमपर्यंत पोहोचतो.

मल्टिबॉडी सिम्युलेशन करणाऱ्या संगणकप्रणालीत ही साखळी अंकांच्या रूपात उभी केली जाते. प्रत्येक पिंडाचे वस्तुमान, गुरुत्वमध्य आणि जडत्व आघूर्ण द्यावे लागते. सांध्याचे स्थान, जात आणि अक्ष सांगावा लागतो. स्प्रिंग, टायर आणि गुरुत्वाकर्षण यांची बले द्यावी लागतात. शेवटी चाकांखाली खडबडीत जमिनीचा आलेख सरकविला की प्रत्येक क्षणी कोणता भाग कोठे असेल, याचे गणित प्रणाली करते. अ‍ॅडम्स आणि सिमस्केप मल्टिबॉडी या व्यावसायिक प्रणाली, तर प्रोजेक्ट क्रोनो आणि एमबीडाइन या मुक्त स्रोत प्रणाली या कामासाठी वापरल्या जातात.

मुक्त हालचालींचा हिशेब

अवकाशातील सुट्या वस्तूला सहा मुक्त हालचाली असतात : पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली असे तीन सरकणे, आणि या तीन अक्षांभोवती तीन फिरणे. प्रत्येक सांधा यांतील काही हालचाली रोखतो. बिजागरीचा सांधा पाच हालचाली रोखून एक मोकळी ठेवतो. उखळीचा सांधा तिन्ही सरकणी रोखतो आणि तिन्ही फिरणी मोकळी ठेवतो.

चार दुव्यांची चौकट घेऊन हा हिशेब करून पाहू. ट्रॅक्टरकडे बाजूने पाहिले तर ट्रॅक्टरचा देह, लोअर लिंक, टॉप लिंक आणि अवजार असे चार दुवे चार सांध्यांनी जोडलेले दिसतात. कागदासारख्या सपाट प्रतलात प्रत्येक हलत्या दुव्याला तीन मुक्त हालचाली असतात आणि प्रत्येक सांधा दोन रोखतो. ट्रॅक्टरचा देह स्थिर धरला तर ३ × ३ = ९ हालचालींतून ४ × २ = ८ वजा होतात व एक उरते. ही उरलेली हालचाल म्हणजे अवजाराचे वर उचलले जाणे.

हीच चौकट त्रिमितीत मांडून चारही ठिकाणी बिजागरीचे सांधे दिले तर? ३ × ६ = १८ हालचाली आणि ४ × ५ = २० बंधने; उत्तर उणे दोन येते. प्रत्यक्षात चौकट हलताना दिसते, गणित मात्र ती जाम झाली असे म्हणते. याचे कारण असे, की चार बिजागऱ्यांतील तीन बंधने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारी, म्हणजे अतिरिक्त आहेत. चारही अक्ष तंतोतंत समांतर असतील तोवरच ती निरुपद्रवी असतात. अक्ष किंचित तिरका झाला की खरी चौकट जाम होते किंवा पिनांवर अनावश्यक ताण येतो. चारपैकी एका ठिकाणी उखळीचा सांधा आणि दुसऱ्या ठिकाणी दोन अक्षांभोवती फिरणारा सांधा, म्हणजे ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टवर असतो तसा युनिव्हर्सल जॉइंट, दिल्यास बंधने ५ + ५ + ३ + ४ = १७ होतात आणि १८ मधून १७ जाऊन नेमकी एक हालचाल उरते.

शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाची एक गोष्ट येथे आठवावी. टॉप लिंक आणि लोअर लिंक यांच्या टोकांना साध्या भोकाऐवजी फिरता गोळा बसविलेला असतो. तो सोयीसाठी बसविलेला वाटतो. वस्तुतः वरील हिशेबाचे ते लोखंडातील उत्तर आहे. हे गोळे गंजून जाम झाले की जोडणी पुन्हा अतिरिक्त बंधनांच्या अवस्थेत जाते आणि पिना वाकू लागतात.

जोडणीत उरलेली एक हालचाल

आता संपूर्ण तीन बिंदू जोडणीचा हिशेब करू. बूमसहित फवारणी यंत्राला सहा मुक्त हालचाली आहेत. दोन्ही टोकांना गोळा असलेला, ठरावीक लांबीचा प्रत्येक दुवा यांतील एक हालचाल रोखतो. दोन लोअर लिंक आणि एक टॉप लिंक मिळून तीन हालचाली रोखल्या गेल्या. हायड्रोलिक एका उंचीवर ठेवले असता दोन लिफ्ट रॉड आणखी दोन रोखतात. सहातून पाच गेल्या, एक उरली.

ही उरलेली हालचाल म्हणजे अवजाराचे डावीकडे-उजवीकडे झुलणे. तिला रोखण्याचे काम चेक चेन किंवा स्टॅबिलायझर बार यांच्याकडे सोपविलेले असते. नांगराच्या बाबतीत थोडे झुलणे चालून जाते. बूमच्या बाबतीत मात्र यात एक छुपी अडचण आहे. वरून पाहिले असता दोन्ही लोअर लिंक समांतर नसून पुढच्या बाजूला एकमेकींकडे झुकलेल्या असतात. त्यांच्या रेषा पुढे वाढविल्या तर त्या ट्रॅक्टरखाली एका बिंदूत मिळतात. त्यामुळे अवजार बाजूला सरकताना केवळ सरकत नाही; लहान हालचालीपुरते ते या बिंदूभोवती फिरते. अवजार बाजूला सरकले की बूमचे एक टोक पुढे आणि दुसरे मागे जाते.

उदाहरणादाखल, हा बिंदू लोअर लिंकच्या मागील टोकांपासून २ मीटर पुढे आहे असे समजू. चेक चेन ढिली असल्याने यंत्र मध्यापासून २ सें.मी. बाजूला सरकले, तर फिरण्याचा कोन २ भागिले २०० म्हणजे ०.०१ रेडियन, साधारण अर्धा अंश होतो. जोडणीजवळ उभ्या माणसाला तो जाणवणारही नाही. परंतु बूमचे टोक मध्यापासून ६ मीटर दूर आहे. तेथे हे फिरणे ६ सें.मी. होते. यंत्र दोन्ही बाजूंना झुलले तर टोक ६ सें.मी. पुढे आणि ६ सें.मी. मागे असा हेलकावा घेते.

पिना आणि बुश यांच्या झिजेचाही हिशेब असाच आहे. पहिल्या श्रेणीच्या जोडणीत खालच्या दोन पिनांमधील अंतर सुमारे ६८ सें.मी. असते. दोन पिनांच्या पुढे-मागे होण्यात ५ मि.मी. फरक पडला, तरी ६ मीटरवरील टोक सुमारे ४.४ सें.मी. हलते. पिनेजवळची ढिलाई टोकाशी जवळपास नऊपट होऊन दिसते.

आमच्या कृषी अभियांत्रिकी विभागातील सहकाऱ्यांनी या यंत्राचे पहिले प्रतिमान केले तेव्हा बूमचे टोक पुढे-मागे जवळजवळ हललेच नाही. कारण नंतर उघड झाले. सोपे म्हणून सर्व सहा ठिकाणी बिजागरीचे सांधे दिलेले होते. तीन लिंक आणि अवजार मिळून चार हलते पिंड, म्हणजे २४ हालचाली. आणि सहा बिजागऱ्यांची ३० बंधने. अतिरिक्त बंधनांची सूचना प्रणालीने दिली होती. ती वाचून पुढे जाण्यात आले. बिजागऱ्यांमुळे बाजूला झुलण्याची हालचालच प्रतिमानातून नाहीशी झाली होती. जो दोष शोधायचा होता, तोच चुकीच्या सांध्याने झाकून टाकला. सांधे बदलून गोळ्याचे केल्यावर आणि चेक चेनची ढिलाई आत घातल्यावर टोकाचा हेलकावा पडद्यावर दिसू लागला.

औषधाच्या मात्रेवर होणारा परिणाम

बूमचे टोक दोन प्रकारे हलते आणि दोन्हींचा मात्रेवर होणारा परिणाम वेगळा आहे.

पहिला प्रकार वर-खाली झुकण्याचा. ट्रॅक्टरच्या मागील दोन चाकांत १.५ मीटर अंतर आहे आणि एक चाक ५ सें.मी. उंच ढेकळावर चढले असे समजू. बूम चौकटीला घट्ट बांधलेला असेल तर त्याचे एक टोक सुमारे २० सें.मी. वर आणि दुसरे तितकेच खाली जाते. ११० अंशांच्या चपट्या पंखा नोझलच्या फवाऱ्याची सैद्धांतिक रुंदी उंचीनुसार पुढीलप्रमाणे बदलते :

- ५० सें.मी. उंचीवर सुमारे १४३ सें.मी.
- ३० सें.मी. उंचीवर सुमारे ८६ सें.मी.
- ७० सें.मी. उंचीवर सुमारे २०० सें.मी.

नोझलमधील अंतर ५० सें.मी. असताना शेजारील फवारे एकमेकांवर पुरेसे चढण्यासाठी रुंदी किमान १०० सें.मी. असावी, ती साधारण ३५ सें.मी. उंचीवर मिळते. त्याखाली बूम गेला की नोझलखाली जास्त आणि दोन नोझलच्या मध्ये कमी असे औषध पडू लागते. वर गेलेल्या टोकाचे बारीक थेंब वाऱ्याबरोबर वाहून जातात.

दुसरा प्रकार पुढे-मागे हेलकाव्याचा. तो डोळ्यांना कमी दिसतो, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. नोझलमधून दर सेकंदाला ठरावीक द्रावण बाहेर पडते. एखाद्या जागेवर किती पडेल हे नोझल त्या जागेवरून किती वेगाने पुढे गेले यावर अवलंबून असते. ट्रॅक्टरचा वेग सेकंदाला १.५ मीटर, म्हणजे ताशी ५.४ कि.मी. आहे आणि टोक सेकंदाला एक या गतीने ६ सें.मी. पुढे-मागे हेलकावत आहे असे समजू. हेलकाव्याचा स्वतःचा कमाल वेग सेकंदाला सुमारे ०.३८ मीटर येतो. टोक पुढे जाताना जमिनीवरील वेग १.८८ मीटर आणि मागे येताना १.१२ मीटर होतो. मात्रा वेगाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने ती अपेक्षित मात्रेच्या सुमारे ८० टक्क्यांपासून १३४ टक्क्यांपर्यंत बदलत राहते, आणि हा क्रम दर दीड मीटरवर पुन्हा येतो. टाकीत औषध बरोबर, नोझलचा प्रवाह बरोबर, सरासरी मात्राही बरोबर. पण प्रत्यक्ष पानावर कोठे पाऊण, कोठे सव्वापट.

हेलकावा १० सें.मी. असेल तर हाच हिशेब सुमारे ७० टक्क्यांपासून १७२ टक्क्यांपर्यंत जातो. ढिलाई चेक चेनमध्ये, पिनेत आणि बूमच्या घडीच्या बिजागरीत अशी तिन्ही ठिकाणी असेल, तर १० सें.मी. ही फार मोठी गोष्ट नाही.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने याचे गांभीर्य दुहेरी आहे. कमी मात्रेच्या जागी मोठ्या वाढीच्या अळ्या आणि औषध अंशतः सहन करू शकणारे कीटक वाचतात. पुढील पिढी त्यांच्यापासून तयार होते. जास्त मात्रेच्या जागी परभक्षी व परजीवी मित्रकीटक अधिक मरतात आणि अवशेषांचा धोका वाढतो. याहून मोठा तोटा निदान चुकण्याचा आहे. पट्टे पाहून शेतकरी पुन्हा फवारणी करतो, मात्रा वाढवितो, दोन औषधे मिसळतो किंवा महाग औषधाकडे वळतो. खर्च वाढतो, फवारणी करणाऱ्याचा विषाशी संपर्क वाढतो. आणि ढिली चेक चेन तशीच ढिली राहते.

प्रतिमान उभारताना घ्यावयाची काळजी

अनेक कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थी अशी प्रतिमाने करतात, आणि काही प्रगतिशील शेतकरी व अवजारे बनविणारे लघुउद्योजकही त्याकडे वळत आहेत. त्यांच्यासाठी काही सूचना उपयुक्त ठरतील.

पहिली, साध्यापासून सुरुवात करावी. १ मीटर लांबीचा लोलक करून पाहावा; त्याचे आंदोलन लहान असताना सुमारे २ सेकंदांचे यायला हवे. ते तसे आले नाही तर बहुधा एककांचा घोळ असतो. लांबी मिलिमीटरमध्ये दिली आणि गुरुत्वीय त्वरण ९.८१ च ठेवले, तर यंत्र चंद्रावरही तरंगणार नाही इतके संथ तरंगू लागते. तेथे ९८१० हवे.

दुसरी, प्रणालीवर जाण्यापूर्वी मुक्त हालचालींचा हिशेब कागदावर करावा. प्रणालीचे उत्तर आणि कागदावरचे उत्तर जुळले नाही तर पुढे जाऊ नये. अतिरिक्त बंधनाची सूचना म्हणजे सांध्यांची निवड पुन्हा तपासण्याचा इशारा होय. प्रणाली अनेकदा अतिरिक्त बंधन स्वतःहून वगळते; गती बरोबर दिसते, परंतु कोणत्या पिनेवर किती बल येते याचे उत्तर विश्वासार्ह राहत नाही.

तिसरी, चौकट बंद होते का हे पाहावे. दुव्यांच्या मोजलेल्या लांबीत काही मिलिमीटरची चूक असली तरी शेवटचा सांधा जुळत नाही. प्रणाली तो ओढूनताणून जुळविते आणि यंत्र सुरुवातीच्याच क्षणी झटका खाते. हा झटका जमिनीचा नसून मोजमापाचा असतो.

चौथी, टाकी विसरू नये. ४०० लिटरची भरलेली टाकी म्हणजे ४०० किलोपेक्षा अधिक भार. फवारणीच्या आरंभी आणि शेवटी यंत्राचे वस्तुमान, गुरुत्वमध्य व जडत्व आघूर्ण निरनिराळे असतात. म्हणून किमान भरलेली, अर्धी आणि रिकामी अशा तीन अवस्था तपासाव्यात.

पाचवी, घर्षण आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढून टाकून यंत्र नुसते हलवून सोडावे. एकूण ऊर्जा स्थिर राहायला हवी. ती वाढत गेली तर गणितातील वेळेचा टप्पा मोठा आहे असे समजावे.

बूम टांगण्याच्या पद्धती

बूमचे टोक स्थिर राखण्याचा प्रश्न नवा नाही. इंग्लंडमधील सिल्सो येथील कृषी अभियांत्रिकी संस्थेत आणि बेल्जियममधील लोवेन विद्यापीठात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बूमच्या हालचालींची गणिती प्रतिमाने करून ती प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहण्यात आली. त्या कामातून पुढे आलेला मूळ विचार साधा आहे : बूम चौकटीला घट्ट न बांधता टांगावा, म्हणजे जलद धक्के त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

लोलकासारखा एका बिंदूवर टांगलेला बूम चाक ढेकळावर चढले तरी आडवा राहतो. सपाट रानात हे उत्तम. परंतु शेताला बाजूचा उतार असेल तर हाच गुण अवगुण ठरतो. ५ टक्के उतारावर बूम क्षितिजसमांतर राहिला, तर चढाकडील टोक जमिनीच्या ३० सें.मी. अधिक जवळ येते, ५० सें.मी. उंची तेथे २० सें.मी. उरते. दोन तिरक्या दुव्यांवर समलंब चौकोनासारखा टांगलेला बूम हा मधला मार्ग आहे. तो जलद धक्के गाळतो आणि संथ उताराला काही प्रमाणात अनुसरतो. या दुव्यांची लांबी व तिरकेपणा किती असावा, हे ठरविण्यासाठी दहा लोखंडी नमुने बनविण्यापेक्षा प्रतिमानात दहा वेळा आकडे बदलणे स्वस्त पडते. संगणकीय प्रतिमानाचा खरा लाभ येथे आहे.

ही टांगणी बहुधा वर-खाली झुकण्यावरच उपाय करते, हे मात्र ध्यानात ठेवावे. पुढे-मागे हेलकाव्यासाठी स्वतंत्र स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बरची सोय लागते. ती नसेल तर जोडणीतील ढिलाई काढणे, हाच उपाय हाती उरतो.

दृढतेच्या गृहीताची मर्यादा

बूम दृढ आहे असे आपण आरंभी मानले. ६ मीटर लांबीची पोकळ नळ्यांची भुजा पूर्णतः दृढ नसते. ती वाकते आणि चाबकासारखे टोक मारते. दृढ पिंडांचे प्रतिमान हे वाकणे दाखवीत नाही, म्हणून ते टोकाची हालचाल प्रत्यक्षापेक्षा कमी सांगण्याची शक्यता असते. यावर सोपा तोडगा म्हणजे भुजेचे चार-पाच तुकडे करून ते स्प्रिंग असलेल्या बिजागऱ्यांनी जोडणे. स्प्रिंगचा ताठरपणा ठरविण्यासाठी टोकाला माहीत असलेले वजन टांगावे आणि टोक किती खाली आले ते मोजावे.

प्रतिमान खरे की खोटे, हे ठरविण्याची कसोटी शेतातच आहे. उभ्या यंत्राच्या बूमचे टोक हाताने ओढून सोडावे, मोबाइलवर चित्रफीत घ्यावी आणि दहा सेकंदांत किती हेलकावे झाले ते मोजावेत. प्रतिमानातील टोकही तितकेच हेलकावे घेत असेल तर पुढील निष्कर्षांवर विश्वास ठेवावा. नसेल तर सांधे, ढिलाई आणि वस्तुमाने पुन्हा तपासावीत.

शेतावर करावयाची तपासणी

शेतात कीड पट्ट्यांत शिल्लक असेल तर औषध बदलण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. दोन पट्ट्यांतील अंतर पावलांनी नव्हे, टेपने मोजावे. ते बूमच्या रुंदीशी जुळत असेल तर संशयाची सुई प्रथम यंत्राकडे वळवावी. अंतर जुळत नसेल आणि कीड सर्वत्र सारखी टिकून असेल, तर औषधाची गुणवत्ता, फवारणीची वेळ आणि प्रतिकारशक्ती यांचा विचार करावा.

२. सोपी कारणे आधी वगळावीत. दोन फेऱ्यांमध्ये जागा सुटते का? टोकाकडील नोझल तुंबले आहेत का? प्रत्येक नोझलचे एका मिनिटाचे पाणी मोजावे. सरासरीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक फरक असलेले नोझल बदलावे.

३. यंत्र फवारणीच्या उंचीवर ठेवून, इंजिन बंद करून, बूमचे टोक हाताने पुढे-मागे हलवावे. दुसऱ्या व्यक्तीने क्रमाने चेक चेन, लोअर लिंकच्या पिना, टॉप लिंक आणि बूमच्या घडीची बिजागरी यांवर बोट ठेवून हालचाल कोठे होते ते पाहावे.

४. चेक चेन किंवा स्टॅबिलायझर दोन्ही बाजूंनी सारखे आवळावेत. झिजलेले बुश व पिना बदलाव्यात. जोडणीच्या श्रेणीपेक्षा बारीक पिन घालून काम चालवू नये. लिंकचे गोळे स्वच्छ करून मोकळे फिरतात याची खात्री करावी.

५. कोरड्या सिमेंटच्या जागेवर किंवा कठीण रस्त्यावर स्वच्छ पाणी भरून नेहमीच्या वेगाने एक फेरी मारावी आणि ओल कशी वाळते ते पाहावे. कमी पाण्याच्या जागा आधी वाळतात. नोझलचा दोष प्रवासाच्या दिशेने लांब रेघ उमटवितो. गुळगुळीत जागेवर हेलकावा कमी असतो, म्हणून त्यानंतर शेतात बूमच्या मध्याखाली आणि टोकाखाली जलसंवेदी कागद ओळीने ठेवून पिवळ्या कागदावरील निळ्या ठिपक्यांची तुलना करावी.

६. दुरुस्ती होईपर्यंत वेग कमी ठेवावा व मात्रा पुन्हा मोजून घ्यावी. खडबडीत रानात धक्क्यांची तीव्रता कमी होते, हा वेग कमी करण्याचा खरा लाभ.

भाड्याने अवजारे देणाऱ्या केंद्रांत आणि अवजारे बँकांत एकच यंत्र हंगामात अनेक ट्रॅक्टरांना जोडले जाते. प्रत्येक ट्रॅक्टरच्या लिंकची लांबी, पिनांची झीज आणि चेक चेनचा ताण वेगळा असतो. त्यामुळे कालच्या शेतात चांगले चाललेले यंत्र आज पट्टे सोडू शकते. यंत्र जोडताना वरील तिसरी व चौथी तपासणी दरवेळी करण्याची शिस्त या केंद्रांनी लावून घ्यावी. त्यास दहा मिनिटे पुरतात.

माळव्यातील त्या यंत्राच्या खालच्या दोन पिनांपैकी एक मूळ मापापेक्षा बारीक निघाली आणि चेक चेन एका बाजूने दोन कड्या ढिली होती. पिन बदलली, चेन आवळली. शेतकऱ्याने त्या हंगामात औषध बदलले नाही. पुढील फवारणीनंतर आम्ही दोघे त्याच बांधावर उभे राहिलो आणि पट्टे शोधू लागलो. ते दिसले नाहीत. माझ्या क्षेत्रीय नोंदवहीत तेव्हापासून एक रकाना वाढला आहे. 'प्रतिकारशक्तीची शक्यता' असे लिहिण्याआधी त्यात 'पट्ट्यांतील अंतर' भरावे लागते.